जीप दुरुस्तीच्या पुस्तकांना वाचनालयात जागा द्या

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

महोदय,
स.न.वि.वि.

वाचनालयांकडे वाचक फिरकत नाहीत, अशी पत्रं आपल्या दैनिकात वरचेवर छापून येतात. मला ज्या वाचकाबद्दल लिहायचं आहे त्याला वाचनालयात यायचं आहे, पण त्याला हवं ते पुस्तक तिथल्या कपाटात नसतं. हा वाचक म्हणजे गॅरेजातला मेस्त्री, शेतावर जीप वापरणारा शेतकरी आणि जुनी जिप्सी घेऊन रानोमाळ हिंडणारा तरुण. त्याला गाडी दुरुस्तीचं पुस्तक हवं आहे, आणि ते मराठीत मिळालं तर त्याला फार बरं होईल.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. आता निवृत्त आहे. दारात महिंद्राची एमएम ५४० जीप उभी आहे, जुने विद्यार्थी अडलेलं काम घेऊन येत असतात, त्यामुळे हातातला पाना सुटलेला नाही.

आपल्या जिल्ह्यात जीप ही हौसेची गोष्ट फार उशिरा झाली. आधी ती पोटापाण्याची होती. बार्शी, करमाळा, मंगळवेढा या बाजूंना वडाप जीपवरच माणसं बाजाराला आणि दवाखान्याला जात होती. सांगोल्याची डाळिंबं, दुधाचे कॅन, खताची पोती, सगळं तिनंच ओढलं. काळ्या रानात पाऊस पडला की चिखल चाकाला असा चढतो की टायर आणि मडगार्डमधली फट भरून चाक फिरायचंच थांबतं. तिथं ट्रॅक्टर नाही तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, तिसरं काही चालत नाही. अलीकडे मात्र नवी थार घेणारे, लष्कराच्या लिलावातली जिप्सी किंवा जोंगा शोधून आणणारे तरुण दिसतात. रविवारी उजनीच्या फुगवट्याकडे जातात. जावं, मला त्याचं कौतुकच आहे. फक्त नान्नजच्या माळावर कोणी गाडी घालू नये. तिथं माळढोकाचं अभयारण्य आहे, आणि जमिनीवरच्या अंड्यांना टायर कळत नाही.

या मुलांकडे पैसा आहे, उत्साह आहे, अवजारंही चांगली आहेत. पुस्तक नाही. गाडीसोबत मिळतं ती मालकाची पुस्तिका. टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि तेल कधी बदलायचं, एवढं ती सांगते. त्यापलीकडे आणखी दोन पुस्तकं असतात. एक वर्कशॉप मॅन्युअल. गाडी कोणत्या क्रमानं खोलायची, कोणता बोल्ट किती टॉर्कवर, म्हणजे किती पीळ देऊन, आवळायचा, कुठे किती फट ठेवायची, हे त्यात असतं. दुसरं सुट्या भागांचं कॅटलॉग, ज्यात गिअरबॉक्स किंवा हौसिंग (दोन चाकांच्या मधली गिअरची पेटी) सुटं करून एकेक वॉशर ओळीनं मांडून दाखवलेला असतो आणि प्रत्येकाला नंबर असतो. कमी शिकलेल्या मेस्त्रीला हे कॅटलॉग सगळ्यात जास्त आवडतं. सर्क्लिप आधी की बेअरिंग आधी, हे चित्रात बोट ठेवून कळतं. ही दोन्ही पुस्तकं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतात, आणि जीप बिघडते ती मात्र गावच्या गॅरेजात.

पुस्तकानं काय फरक पडतो ते एका साध्या कामावरून सांगतो. जुन्या जीपचं टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची फट जुळवणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकन विलीज जीपचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. त्याला दोन्हीकडे १४ थाऊ, म्हणजे इंचाचे १४ हजारांश, एवढी फट लागते. नंतर आली सीजे ३बी, जी आपल्याकडे महिंद्रांनी वर्षानुवर्षं बनवली. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसतं, ते उगीच नाही. तिच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर घ्यावं लागलं. या इंजिनाला इनलेटला १८ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही जीपच. ज्याला हा फरक माहीत नाही तो एकच फिलर गेज (फट मोजायची पट्टी) सगळीकडे फिरवतो. त्यात फट कमी राहिली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, जास्त राहिली तर इंजिन टकटक करतं आणि ओढ कमी होते. त्यातून आपल्याकडच्या कितीतरी पेट्रोल जीपमध्ये पुढे डिझेल इंजिनं बसवली गेली. म्हणून पुस्तक शोधताना गाडीचं नाव बघू नये, इंजिनाचा नंबर बघावा. हे मी मुलांना नेहमी सांगत आलो.

विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट डाव्या आट्याचे असतात, हेही पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. ती ओळ न वाचलेला माणूस व्हीलपान्याला पाइप लावून नेहमीच्या बाजूनं जोर करतो, म्हणजे सोडण्याऐवजी आवळतो, आणि बोल्ट मोडून हातात येतो. असे मोडलेले बोल्ट काढायला माणसं लेथवाल्याकडे जाताना मी खूप बघितली आहेत.

आता हौसिंगचं काम घ्या. क्राऊन-पिनियन, म्हणजे हौसिंगमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी, बसवणं ही आमच्या धंद्यातली कसोटी. झाकण काढायचं, क्राऊनच्या चार-सहा दातांना तेलात कालवलेला शेंदूर ब्रशनं लावायचा आणि हातानं पुढे-मागे फिरवायचं. पिनियनचा दात जिथं टेकतो तिथला शेंदूर पुसला जाऊन ठसा उमटतो. ठसा दाताच्या मध्यावर आला तर ठीक. मुळाकडे गेला तर पिनियन जास्त आत शिरलं आहे, वरच्या कडेला आला तर बाहेर राहिलं आहे. मग पुन्हा सगळं खोलायचं, शिम (पातळ चकती) बदलायची, पुन्हा बसवायचं, पुन्हा शेंदूर. एखाद्या हौसिंगला यात अख्खा दिवस जातो. चांगला मेस्त्री ठसा वाचतो, यात शंका नाही. पण बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) किती थाऊ, बेअरिंगला प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) किती, हे आकडे कोणाच्या बोटात नसतात. ते पुस्तकात असतात, आणि ते नसले की क्राऊन-पिनियनचा नवा जोड थोड्याच दिवसांत आवाज करायला लागतो. मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता, पार्टवाला म्हणतो मेस्त्री कच्चा. बहुतेक वेळा दोघंही बरोबर नसतात.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजात गाड्यांची रांग लागली. मीही तिथं जाऊन बसलो होतो. एका बोलेरोच्या मागच्या हौसिंगचा ड्रेन बोल्ट सोडला तर दुधाच्या चहासारखं तेल बाहेर आलं. मालक बिचारा सांगत होता, ‘सर, इंजिन सुरू झालं, गाडी चालली, म्हटलं काही झालं नाही.’ बुडालेल्या गाडीचं सगळं नुकसान लगेच दिसत नाही. गरम हौसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून), सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. मग तेलात पाणी, दातांवर गंज, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस निकामी. आणि सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. आधी प्लग किंवा इंजेक्टर काढायचे, इंजिन हातानं फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं, सगळी तेलं बदलायची, मग चावी. हे चार पानांत मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याजोगं आहे. त्या दिवसांत गावोगाव सांगायला कोणी नव्हतं.

जी पुस्तकं होती ती कशी जातात तेही सांगतो. विजापूर वेशीच्या बाजूला एक वयस्क मेस्त्री होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडे जीपचं जुनं जाड मॅन्युअल होतं. पानांच्या कोपऱ्यांना ग्रीस लागून कागद आरपार दिसायला लागला होता. छापील आकड्यांच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीनं उर्दूत टिपणं केली होती, काही ठिकाणी मराठीत. अमुक बनावटीचं बेअरिंग असेल तर शिम एक कमी घालावी, अमुक वर्षाच्या गाडीला हे सील बसत नाही, दुसरं लेथवर करून घ्यावं. छापणाऱ्या कंपनीलाही जे माहीत नव्हतं ते त्या समासात होतं. चाचा गेले, गॅरेज बंद झालं, जागा रिकामी करताना ते कपाट किलोवर रद्दीत गेलं. मुलांना दोष देत नाही, ती दुसऱ्या धंद्यात आहेत, त्यांना त्या कागदांची किंमत कोणी सांगितलीच नाही. मला कळलं तेव्हा रद्दीवाल्याकडचा माल पुढे गेला होता. त्या पुस्तकाची हळहळ मला अजून आहे.

तरुण म्हणतात, सर, आता व्हिडिओ आहेत. आहेत, आणि मीही बघतो. बोल्ट कुठे लपलाय हे व्हिडिओ झकास दाखवतो. पण समोरच्या माणसाची गाडी कुठल्या वर्षाची, इंजिन कुठलं, तो आकडा कुठून सांगतोय, हे कळायला मार्ग नसतो. जिप्सीचंच बघा. १९८५ ला आली ती ९७० सीसीची, १९९६ पासूनची जिप्सी किंग १३०० सीसीची. हिची भावंडं परदेशात सुझुकीच्या एसजे आणि सामुराई या नावांनी विकली गेली, आणि त्यांच्यावर हेन्सचं दुरुस्तीचं पुस्तक निघालेलं आहे. आपली मुलं ते कुठून तरी मिळवतात. हातात येते ती झेरॉक्सची झेरॉक्स, ज्यात इंग्रजी तीन की आठ हे ओळखू येत नाही. टॉर्कच्या आकड्यात तीनचा आठ झाला तर अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेलेच म्हणून समजा.

हेन्सचं नाव निघालं म्हणून सांगतो. इंग्लंडच्या जॉन हेन्स यांनी साठच्या दशकात हे काम सुरू केलं. पद्धत अशी की गाडी खरोखर पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची, फोटो काढायचे आणि मग लिहायचं. त्यामुळे घरच्या अवजारांनी जे होणार नाही ते ते पुस्तक सांगत नाही. अमेरिकेत चिल्टनची अशीच पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयांत असतात. कोणीही जातो, आपल्या गाडीचं पान काढतो, घरी जाऊन काम करतो. २०२० च्या अखेरीस हेन्सनं नवी पुस्तकं कागदावर छापणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आता जे छापील आहे ते सांभाळलं पाहिजे.

आणि मराठीत आणायचं म्हटलं तर सुरुवातीला लागेल असं एक उत्तम पुस्तक हाताशी आहे. अमेरिकेच्या युद्ध खात्यानं फेब्रुवारी १९४४ मध्ये विलीज आणि फोर्डच्या पाव टनी जीपसाठी टीएम ९-८०३ हे मॅन्युअल काढलं. इंजिन आणि क्लच खोलून दुरुस्त करण्यासाठी टीएम ९-१८०३ए, आणि गिअरबॉक्स, हौसिंग, बॉडी, चासी यांच्यासाठी टीएम ९-१८०३बी अशी जोडपुस्तकं आहेत. शेतावरून किंवा शाळेतून थेट सैन्यात आलेल्या पोरांसाठी ते लिहिलेलं आहे, म्हणून वाक्यं छोटी, फोटो भरपूर. गाडी काढण्याआधी काय बघायचं, चालवताना काय बघायचं, थांबल्यावर काय, परत आल्यावर काय, अशी चार वेळची तपासणी त्यात लावून दिली आहे. थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या हबला, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला), दोन्ही हौसिंगला हात लावून बघायचं, नेहमीपेक्षा गरम लागलं तर कारण शोधायचं. मी हे वर्गात शिकवायचो. आजच्या नव्या थारलाही ते तेवढंच लागू आहे, आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. अमेरिकन सरकारचं प्रकाशन असल्यामुळे त्यावर तिकडे कोणाचा हक्क राखलेला नाही.

त्याच सैन्यानं १९५१ पासून देखभालीचं एक चित्रमय मासिक काढलं. त्याची चित्रं १९७१ पर्यंत विल आयस्नर या नामवंत चित्रकाराच्या देखरेखीखाली झाली. ग्रीस कुठे लावायचं आणि नट कधी आवळायचा हे सैनिकांना चित्रकथेतून सांगितलं. आपल्याकडे चित्र काढणारी मुलं कमी आहेत का? बालवाङ्मयाला मिळतो तसा एखादा चांगला चित्रकार क्लच प्लेटला का मिळू नये?

आयटीआयच्या मुलांसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची, म्हणजे निमीची पुस्तकं असतात, मराठीतही आहेत. ती मी शिकवली आहेत आणि पाया घालायला ती चांगली आहेत. डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) कसं चालतं हे त्यातून कळतं. पण अमुक गाडीच्या डिफरन्शियलमध्ये किती थाऊ, हे सांगणं त्यांचं कामच नाही.

आकडे मिळण्याचा हक्क हा कायद्याचाही विषय झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड लावला, तो सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं आणि वाहनं, दोन्ही त्याच्या चार क्षेत्रांत आहेत. म्हणजे मेस्त्रीला पुस्तक मिळावं हे सरकारलाही मान्य आहे. पण पोर्टल दिल्लीत, आणि गाडी मोहोळच्या बांधावर. मधलं अंतर कोणी भरायचं?

माझं म्हणणं असं की ते वाचनालयांनी भरावं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं आपल्या शहरात आणि तालुक्यांत आहेत. त्यांनी एक कपाट दुरुस्तीच्या पुस्तकांना द्यावं. कादंबऱ्यांचं कपाट कमी करा असं मी म्हणत नाही. फक्त जिथं स्पर्धा परीक्षांना चार कपाटं आहेत तिथं पानाहातोडीवाल्यालाही एक असू द्या. कंपन्यांच्या बंद झालेल्या गाड्यांची मॅन्युअलं त्यांच्याकडे रीतसर पत्र लिहून मागावीत. एका वाचकानं मागितलं तर दाद लागत नाही, पण संस्थेच्या शिक्क्याला वजन असतं. पुस्तक घरी देऊ नये, तिथंच बसून टिपून घेऊ द्यावं. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नये, एवढं ग्रंथपालांना हात जोडून सांगतो. बाहेर नळ आणि साबण ठेवा, तो हात धुऊन येईल.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं विज्ञान-तंत्रज्ञानाची कितीतरी पुस्तकं स्वस्तात काढली, आता ती आपल्या संकेतस्थळावर फुकटही वाचायला देतं. १९४४ च्या त्या मॅन्युअलचं मराठी पुस्तक मंडळानं हाती घ्यावं. भाषांतर करणाऱ्याच्या शेजारी एक मेस्त्री बसवावा, म्हणजे गॅरेजात चालते तीच भाषा पुस्तकात उतरेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना दर वर्षी प्रकल्प लागतात. त्यांनी एकेक जुनी जीप वाटून घ्यावी, मेस्त्रीसोबत खोलावी, मोजावी, आकृत्या काढाव्यात. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, याच गावचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आज सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट परदेशी गाड्यांच्या इंजिनांत फिरतात. हे काम आपल्या गावाला झेपेल की नाही, असा प्रश्नच येत नाही.

हौशी मुलांनाही एक सांगणं आहे. मोठे टायर आणि उंच पाटे लावायच्या आधी मूळ गाडी काय होती ते वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि मूळ बनावट कुठे लिहिलेली असते? मॅन्युअलमध्येच. जुन्या जीपला ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये ती चालवू नये, हेही तिथंच मिळतं.

माझ्याकडे ५४० चं वर्कशॉप मॅन्युअल आहे, सीजे ३बी चं भागांचं कॅटलॉग आहे, आणि वर्गात शिकवताना केलेल्या वह्या आहेत. जे वाचनालय असं कपाट करील त्याला हे सगळं मी देईन, आणि लागेल तेव्हा तिथं बसून मुलांना आकृत्या समजावून सांगेन. ज्यांच्या घरी गॅरेज बंद पडलं असेल, वडील किंवा आजोबा मेस्त्री असतील, त्यांनी माळ्यावरच्या तेलकट वह्या-पुस्तकं रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये नाही तर वाचनालयात दाखवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
सोलापूर